जुनी सागवानी शिडाची होडी पुन्हा पाण्यात: ठाणे खाडीच्या ऋतूंप्रमाणे कामाचा क्रम

जुनी लाकडी होडी घेतली की बहुतेक जण आधी रंगाचे डबे आणतात. ठाणे-नवी मुंबईत याहून वाईट सुरुवात नाही. इथे कोणतं काम कधी करायचं हे पाऊस आणि उधाण ठरवतात. मे अखेरच्या उधाणाला होडी वर घ्यायची, जूनमध्ये तपासायची, नारळी पौर्णिमेपासून सप्टेंबरपर्यंत सुतारकाम करायचं, ऑक्टोबरात कलाफत, म्हणजे फळ्यांमधले सांधे कापूस ठासून बुजवणं, आणि रंग उरकायचा आणि भाऊबीजेच्या किंवा त्रिपुरी पौर्णिमेच्या उधाणाला ती पुन्हा पाण्यात सोडायची. हा क्रम मोडला की पैसे जातात आणि होडी गळतच राहते. मेच्या उन्हात वाळलेल्या फळ्यांत कापूस ठासला तर फळ्या फुगल्यावर वाक, म्हणजे होडीच्या फासळ्या, तडकतात, आणि जुलैच्या दमट हवेत मारलेला रंग डिसेंबरात पापुद्र्यांनी सुटतो.

खालचे आकडे साधारण 20 फूट लांब, 6 फूट रुंद, एक टन वजनाच्या आणि पाऊण इंची सागवानी फळ्या एकीला एक भिडवून बांधलेल्या होडीसाठी आहेत. होडी लहान-मोठी असेल तर प्रमाण बदला, क्रम बदलू नका.

होडी वर घेणं

मे महिन्यातल्या शेवटच्या पौर्णिमेनंतर किंवा अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी उधाण सर्वांत जोरात असतं. त्या भरतीला होडी शक्य तितकी वर आणून ओंडक्यांवरून ओढायची. जागा निवडताना पावसाळ्यातल्या मोठ्या भरत्या ध्यानात घ्या. 4.5 मीटरच्या वर जाणाऱ्या भरत्यांची यादी मुंबई महापालिका दरवर्षी पावसाळ्याआधी जाहीर करते. त्या दिवशी पाणी जिथवर येतं त्याच्याही वर होडी हवी.

वजन पठाणावर, म्हणजे होडीच्या कण्यावर बसू द्या. दर चार फुटांवर पठाणाखाली जाड ठोकळा, आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन टेकू. टेकूंचं काम होडी कलू न देण्याचं. त्यांच्यावर वजन आलं की त्या जागची फळी आत दबते आणि ती खोच कायमची राहते. नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, मागच्या आडव्या फळीपर्यंत एक दोरी ताणून मधल्या तीन-चार ठिकाणी तिचं अंतर मोजून लिहून ठेवा. पावसात जमीन खचते, ठोकळे बसतात आणि होडीला पोक येतो. दर आठवड्याला दोरी लावून अंतर तपासलं तर पाचर मारून ते वेळीच सावरता येतं.

नाळ थोडी उंच ठेवा आणि तळातलं बूच काढून टाका. ताडपत्री डेकवर अंथरू नका, तिला दोन फूट उंचीवर आडवा वासा द्या आणि दोन्ही टोकं उघडी ठेवा. लाकूड खाऱ्या पाण्याने फारसं कुजत नाही. त्याचा घात करतं पावसाचं गोडं पाणी आणि कोंडलेली हवा. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला आणि वारा लागला नाही की बुरशी धरते. पूर्ण बांधून झाकलेली होडी चार महिन्यांत आतून भुसभुशीत होऊ शकते.

तपासणी: टोचा, मोगरी आणि खडू

जूनमध्ये दुसरं काहीच करायचं नाही. रंग खरवडायचा तोही तपासण्यापुरताच. जुन्या होड्यांवर शेंदराचा, म्हणजे शिशाचा रंग असण्याची शक्यता मोठी असते. त्यामुळे कोरडं घासू नका. ओलं करून खरवडा, एन-95 मास्क लावा आणि खाली ताडपत्री पसरून सगळा चुरा पोत्यात भरा. ठाण्याची खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि 2022 पासून पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही आहे. तो चुरा तिच्या चिखलात जाता कामा नये.

मग लाकडी मोगरीने अख्खी होडी इंचाइंचावर ठोकत जा. निरोगी साग खणखणीत वाजतो, कुजका बद्द वाजतो. बद्द आवाज आला तिथे टोचा दाबा. चांगल्या लाकडात तो दोन मिलिमीटरवर अडतो. सहज पाव इंच शिरला तर खडूने फुली मारा. या जागा आधी पाहा: पठाणाला लागून असलेली पहिली फळी, नाळेचा तळ, मागच्या आडव्या फळीची कापलेली टोकं, डोलकाठीचा बुडखा टेकतो तो ठोकळा, डेक आणि बाजू मिळतात तो कोपरा, आणि सेंटरबोर्डच्या, म्हणजे तळातून खाली-वर होणाऱ्या उभ्या फळीच्या, पेटीची आतली बाजू. शेवटची जागा दिसत नाही म्हणून सगळे ती सोडतात. नेमका तिथेच जहाजकिडा असतो.

जहाजकिडा म्हणतात तो खरं तर शिंपल्याच्या कुळातला जीव. पिल्लू असताना तो टाचणीच्या डोक्याएवढ्या भोकातून आत शिरतो आणि आत वाढत लाकडाच्या रेषेत बोगदे पाडतो. बाहेरून फळी गुळगुळीत दिसते. टाचणीएवढी भोकं दिसली तर त्या जागी चार मिलिमीटरचं गिरमिट मारून भुसा पाहा. पांढरट चुनखडीचं अस्तर निघालं तर ती फळी बदलायचीच. औषध भरून ती वाचत नाही.

वाक आतून हात फिरवून तपासा. पोटाच्या वळणावर आडवी भेग हाताला लागते. ती डोळ्यांना दिसण्याआधी बोटांना कळते.

आता खिळे आणि स्क्रू. हा भाग टाळण्याचा मोह फार होतो, कारण बाहेरून सगळं ठीक दिसतं. पहिली फळी, पोटाचं वळण, नाळेजवळ, मागे आणि पाण्याच्या रेषेवर, अशा पाच जागी दोन्ही बाजूंचे मिळून दहा स्क्रू काढून बघा. पितळी स्क्रू गुलाबी दिसत असेल आणि वाकवताना तुटत असेल तर त्यातलं जस्त निघून गेलंय. असा स्क्रू नुसता साचा उरलेला असतो, त्यात ताकद नसते. लोखंडी खिळ्याभोवती लाकूड काळं आणि मऊ झालं असेल तर गंजाने ते जाळलंय. नवा खिळा त्याच भोकात धरणार नाही. दहांपैकी तीन-चार खराब निघाले तर पाण्याखालचे सगळे बदलायचे ठरवा. पठाणाचा बोल्टही एखादा काढून पाहा. जाडी पाव भागाने कमी झाली असेल तर सगळेच बदला.

सुतार कधी मिळतो

1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि त्या दोन महिन्यांत दिवाळे, करावे, सारसोळे अशा गावांतल्या होड्या एकाच वेळी दुरुस्तीला निघतात. होडी बांधणारा सुतार तेव्हा कुणालाच मोकळा नसतो. त्याला जूनमध्ये एकदा आणून खडूच्या फुल्या दाखवा, लाकडाचं माप घ्या आणि काम नारळी पौर्णिमेनंतरचं ठरवा. तोवर लाकूड आणून सावलीत रचून ठेवा, प्रत्येक फळीमध्ये पट्टी घालून. पाडलेल्या वाड्या-चाळींतला जुना साग मिळाला तर तोच घ्या. तो पूर्ण मुरलेला असतो आणि नंतर पिळत नाही. रंध्यावर चढवण्याआधी लोहचुंबक फिरवून आतले खिळे शोधा. नांगर, साखळी, शॅकल यांच्यासाठी रे रोडचा दारूखाना आणि अवजारं-हार्डवेअरसाठी नागदेवी स्ट्रीट हे दोन फेरे पुरतात.

सुतारकाम

आधी सांगाडा, मग फळ्या. एका वेळी एकाच बाजूच्या शेजारच्या दोन फळ्या काढू नका, होडीचा आकार सुटतो.

तडकलेला वाक काढून टाकायची गरज सहसा नसते. त्याला लागून जोडवाक बसवा. भेगेच्या वर आणि खाली प्रत्येकी तीन फळ्यांना तो धरला पाहिजे. साग वाफेवर नीट वाकत नाही. म्हणून आपल्याकडचे सुतार मुळातच वळण असलेली बाभळीची फांदी शोधून त्यातून वाक काढतात. हीच पद्धत चांगली, कारण लाकडाची रेषा वळणाबरोबर जाते. ते लाकूड न मिळाल्यास पाच-सहा मिलिमीटरच्या सागाच्या पट्ट्या इपॉक्सीने (दोन भाग कालवून लावायच्या गोंदाने) एकावर एक चिकटवून साच्यावर वळवा.

फळीचा तुकडा बदलताना तिरपा जोड एकास आठ ठेवा. पाऊण इंची फळीला सहा इंच लांबीचा उतार. जोड दोन वाकांच्या मध्ये घ्या आणि शेजारच्या फळीचा जोड त्याच रांगेत येऊ देऊ नका.

साग तेलकट असतो, त्यामुळे इपॉक्सी लावण्याआधी जोड ॲसिटोनने पुसा आणि वाळल्यावर पंधरा मिनिटांच्या आत चिकटवा. वेळ गेला तर आतलं तेल पुन्हा वर येतं. आपल्या हवेत मंद हार्डनर घ्या. एका वेळी शंभर ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नका आणि कालवलेलं लगेच पसरट ताटलीत ओता. खोल डब्यात ठेवलं तर ते तापून धुरकटतं. दमट हवेत वाळल्यावर पृष्ठभागावर मेणचट थर येतो. तो साध्या पाण्याने आणि खरखरीत स्क्रबरने धुवा. न धुता घासलं तर तो थर आत दाबला जातो आणि पुढचा हात धरत नाही.

स्क्रू सिलिकॉन ब्राँझचे, दीड इंची, 10 नंबर. जुनं भोक सैल असेल तर 12 नंबर. पाण्याखाली स्टेनलेस वापरू नका. ओल्या लाकडात प्राणवायू न मिळाल्याने ते खाचाखाचांतून झिजतं, आणि डोकं चकचकीत असतानाच खालची दांडी तुटते. एकाच भागात लोखंड आणि तांबं एकत्र आणणंही टाळा. खाऱ्या पाण्यात त्यांतलं लोखंड आधी खाल्लं जातं. स्क्रूच्या डोक्यावरचं लाकडी बूच वार्निशमध्ये बुडवून ठोका, इपॉक्सीत नको. पुढे कुणाला तरी तो स्क्रू काढावा लागेलच.

डेकखाली आणि आतल्या कोपऱ्यांत, जिथे पाणी कायम साठत नाही तिथे, बोरेटचं औषध मारा. एक लिटर पाण्यात साधारण 300 ग्रॅम बोरॅक्स आणि 230 ग्रॅम बोरिक ॲसिड टाकून पूर्ण विरघळेपर्यंत गरम करा आणि गरम असतानाच ब्रशने दोन-तीन हात द्या. याने बुरशी मरते. पाण्याखालच्या फळ्यांना मारून उपयोग नाही, ते धुऊन जातं. भांडं पुन्हा स्वयंपाकात नेऊ नका आणि मुलांपासून लांब ठेवा.

या टप्प्यावर कुणीतरी सांगणारच की बाहेरून फायबर मारून घ्या, कटकट संपेल. ऐकू नका. फळीला फळी भिडवलेली होडी पाण्यात फुगते, उन्हात आक्रसते, आणि प्रत्येक सांधा थोडा हलतो. साधं पॉलिएस्टर रेझिन तेलकट सागाला नीट धरत नाही. पहिल्या उन्हाळ्यात सांध्यांच्या रेषेवर ते तडकतं, आत पाणी जातं आणि बाहेर यायला वाट नसते. दोन-तीन वर्षांत कवच शाबूत आणि आत लाकडाचा चोथा, अशी होडी मग कुणालाच दुरुस्त करता येत नाही.

कलाफत

पाऊस सरला की दहा-बारा दिवसांची एक खिडकी मिळते. हवा कोरडी झालेली असते, पण फळ्या अजून पावसाळ्यातला ओलावा धरून असतात. कलाफतीला हीच वेळ हवी. ओलावामापक असेल तर 15 ते 18 टक्के दिसला पाहिजे. ऑक्टोबरचं ऊन तीन आठवडे थेट बाजूंवर पडलं की सांधे उघडतात, म्हणून ताडपत्री बाजूंवरून खाली सोडा.

जुना भराव कानशीच्या टोकाला आकडा करून हाताने ओढा. गोल करवत किंवा राउटर लावला की सांध्याची कड तुटते आणि कायमची वाकडी राहते. सांधा इंग्रजी व्ही अक्षरासारखा हवा: आतल्या बाजूला फळ्या घट्ट भिडलेल्या, बाहेर सुमारे तीन मिलिमीटरची फट. आतूनही उजेड दिसत असेल तर कापूस ठोकल्यावर तो होडीत बाहेर येईल. तिथे आधी फळी घट्ट करा, किंवा पातळ लाकडी पट्टी सांध्यात बसवा.

मोकळ्या सांध्याला पातळ केलेल्या तेलरंगाचा एक हात द्या. कोरडं लाकूड लांबीतलं, म्हणजे सांध्यात वरून भरायच्या पुटीतलं, तेल शोषतं आणि लांबी भुगा होऊन पडते.

कापूस सैल पिळाच्या वातीसारखा घ्या. दर बाजूला दहाएक फळ्या धरल्या तर सगळे सांधे मिळून सव्वाशे मीटरच्या आसपास होतात. त्याला दोन किलो कापूस पुरतो. वात सरळ न घालता छोट्या छोट्या घड्या करत सांध्यात टोचत जा. रुंद जागी घड्या जवळ जवळ, अरुंद जागी लांब. तीन-चार फूट टोचून झालं की बोथट छिन्नी आणि मोगरीने बसवा. पाऊण इंची फळीला हलका, एकसारखा ठोका पुरे. कापूस बसला की मोगरीचा आवाज बदलून टणक होतो. तिथे थांबा. पुढे ठोकत राहिलात तर आज काही दिसत नाही, पण पाण्यात फळ्या फुगल्यावर त्यांना जागा उरत नाही. मग स्क्रू उपटतात किंवा वाक मोडतात. एका बाजूचे दोन सांधे झाले की दुसऱ्या बाजूचे दोन घ्या, म्हणजे ताण सारखा राहतो.

कापूस फळीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाइतका आत बसला पाहिजे. त्यावर पुन्हा पातळ रंग आणि मग लांबी. पाण्याच्या वर घरची लांबी चालते: खडूची पावडर उकळलेल्या अळशीच्या तेलात पोळीच्या कणकेइतकी मऊ मळायची. पाण्याखाली पॉलिसल्फाइडची लवचीक लांबी उत्तम. सिलिकॉन नको, त्यावर रंग बसत नाही. सांध्यात इपॉक्सीही नको, कारण ते दबत नाही आणि फुगणारी फळी स्वतःची कड चिरडून घेते. पाण्याखालची लांबी फळीच्या पातळीपेक्षा किंचित खोल ठेवा. फळी फुगली की ती आपोआप वर येते. समतल केलीत तर महिन्याभरात प्रत्येक सांध्यावर वरंबा दिसेल.

रंग

सकाळी दव पूर्ण उडाल्यावर, साधारण नऊनंतर, सुरू करा आणि तीनला ब्रश धुवा. ऑक्टोबरात संध्याकाळी दव लवकर धरतं आणि ओल्या रंगावर पडलं की चमक जाते. अस्तराचे दोन हात, वरच्या रंगाचे दोन, मध्ये पॉलिश पेपर. आतल्या बाजूला तळात जाड रंग चढवू नका. लाकडाला एका बाजूने श्वास घेता आला पाहिजे. तिथे पातळ केलेलं अळशीचं तेल पुरे.

पाण्याखालचा भाग साधारण दहा चौरस मीटर भरतो. तांब्याच्या अँटिफाउलिंग (शेवाळ, कालवं आणि किडा रोखणाऱ्या) रंगाचे दोन पूर्ण हात आणि नाळ, सुकाणू व पाण्याची रेष यांवर तिसरा, असा अडीच लिटर लागतो. होडी ठोकळ्यांवरून हलवून ठोकळ्यांखालची जागाही रंगवा. सेंटरबोर्डच्या पेटीत लांब दांड्याला फडकं बांधून रंग पोचवा. तळहाताएवढी कोरी जागा किड्याला भरपूर होते.

डोलकाठी, तारा आणि शीड

ठाण्याच्या खाडीत फिरायचं तर पूल आडवे येतात: कळव्याचे, ऐरोलीचा, वाशीचे. म्हणून डोलकाठी बुडख्याशी बिजागरीवर आडवी होणारी करून घ्या. होडी पाण्यात असताना पाण्यापासून डोलकाठीच्या टोकापर्यंतची उंची मोजून सुकाणूजवळ रंगाने लिहा. उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत साडेचार मीटरपर्यंत फरक पडतो. ओहोटीला जिथून आरामात गेलात तिथे भरतीला काठी अडकू शकते.

काठीचे जोड एकास बारा. बुडखा, तारांच्या पट्ट्यांखालची जागा आणि टोक इथे कूज शोधा. तारा 4 मिलिमीटर, 1×19, 316 स्टेनलेस. कापसाचा बोळा तारेवरून फिरवा, तुटलेला धागा असेल तिथे तो अडकतो. एक धागा तुटला तरी तार बदला. शीड वर ओढायला 8 मिलिमीटरचा कमी ताणणारा पॉलिएस्टर दोर, शीड आवरायला 10 मिलिमीटरचा. शिडाची शिवण नखाने खरवडा. धागा तुटला तर कापड चांगलं असूनही शिवण उन्हाने मेली आहे. सगळी पुन्हा शिवून घ्या आणि त्याच वेळी रीफच्या, म्हणजे जोराच्या वाऱ्यात शीड बांधून लहान करायच्या, दोन रांगा करून घ्या.

पाण्यात सोडणं

आधी तीन-चार दिवस आत ओली पोती अंथरून त्यांवर खाडीचं पाणी मारत राहा. उधाणाच्या भरतीला होडी उतरवा, पण लगेच खोल पाण्यात नेऊ नका. धक्क्याला बांधा आणि ओहोटीला ती चिखलावर सरळ बसेल अशी जागा बघा. पहिल्या दिवशी ती गळणार. गळलीच पाहिजे. मोठा हातपंप, दोन बादल्या आणि रात्री आळीपाळीने एक माणूस, एवढी तयारी ठेवा. दोन-तीन दिवसांत गळती थेंबांवर यायला हवी. नाही आली तर आतून धार शोधून खडूने खूण करा आणि पुढच्या ओहोटीला बाहेरून तोच सांधा उघडा. बारीक झिरपेसाठी जुना उपाय चालतो: बादलीभर लाकडाचा भुसा तळाखाली पाण्यात सोडला की पाण्याबरोबर तो सांध्यात ओढला जातो आणि फुगतो.

नांगर

खाडीच्या मऊ चिखलात पसरट पात्यांचा डॅनफोर्थ जातीचा, सात-आठ किलोचा नांगर धरतो. त्याला 8 मिलिमीटरची आठ मीटर साखळी आणि 12 मिलिमीटरचा पन्नास मीटर नायलॉन दोर. साखळी कमी केली तर ओढ वरच्या दिशेने लागते आणि पाती उपटतात.

दोर किती सोडायचा हे भरतीच्या पाण्यावर ठरतं. ओहोटीला दोन मीटर पाणी, भरती साडेचार मीटर चढणार, नाळेची उंची पाऊण मीटर, म्हणजे सव्वासात. त्याच्या पाचपट म्हणजे छत्तीस मीटर. वारा असेल तर सातपट, म्हणजे जवळपास पन्नास. ओहोटीला नांगर टाकून समोर दिसणाऱ्या दोन मीटरचा हिशेब केला की मध्यरात्री होडी सुटते. नांगर फसण्याचं हे इथलं सर्वांत नेहमीचं कारण आहे.

पहिली सफर

लहान इंजिन लावणार असाल तर नोंदणी आणि परवान्याचं महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात आधी विचारून घ्या. लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगात, पिशवीत नाही. टॉर्च, फ्लेअर, हातात धरायचं होकायंत्र, डेहराडूनच्या नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिसचा मुंबई बंदराचा नकाशा, खोली मोजायला शिसं बांधलेली दोरी, माणशी चार लिटर पाणी. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक 1554 फोनमध्येही हवा आणि फळीवर लिहिलेलाही हवा.

वेळ ठरवायला तिथीचा पाऊणपट हा हिशेब अजूनही कामाचा आहे. एकादशी असेल तर अकराचा पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सकाळी सव्वाआठच्या सुमारास पूर्ण भरती आणि सव्वादोन-अडीचला ओहोटी. अर्धा तास इकडेतिकडे होतो आणि खाडीत आत जाल तसतशी भरती उशिरा येते, म्हणून छापील तक्त्याशी ताडून पाहा. पहिल्या सफरीला एकादशी चांगली, कारण पाण्याला ओढ असते पण उधाणाचा जोर नसतो.

बेलापूरहून साडेआठला निघा. नोव्हेंबर-डिसेंबरात सकाळी मतलई वारा जमिनीकडून हलका येतो आणि ओहोटी बाहेर नेते. अटल सेतूच्या खालून घारापुरीच्या दिशेने साधारण सहा-सात सागरी मैल. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा किनारा, पीर पाऊ आणि जवाहर द्वीपाचे तेलाचे धक्के यांच्यापासून दूर राहा. घारापुरीच्या दक्षिणेला न्हावा-शेव्याकडे जाणाऱ्या मोठ्या जहाजांचा मार्ग आहे, पहिल्या दिवशी तो ओलांडायचा नाही. लाँचची वाट सोडून नांगर टाका आणि दोन तास शीड लहान करण्याचा सराव करा, रीफ एकदा बांधून, एकदा सोडून. दुपारी खारा वारा वायव्येकडून भरतो, दहा ते पंधरा नॉट. आधी त्याला ओहोटीच्या पाण्याशी भिडू द्या. ओहोटी आणि वारा समोरासमोर आले की आखूड, उभ्या लाटा उठतात आणि लहान होडी जागीच आपटत राहते. तीनच्या सुमारास पाणी उलटलं की निघा. परतताना वारा डावीकडून, किंचित मागून मिळतो, भरती आत ढकलते आणि पाचपर्यंत, उजेड असताना, तुम्ही धक्क्याला लागता.

वाटेत चिखलावर बसलात तर सेंटरबोर्ड वर घ्या, शीड उतरवा, वजन एका बाजूला घेऊन होडी कलवा आणि वल्ह्याने मागे ढकला. पाच मिनिटांत सुटली नाही आणि पाणी उतरतं असेल तर नांगर खोल पाण्याच्या दिशेने टाकून भरतीची वाट पाहा. खाली उतरून ढकलायला जाऊ नका. हा चिखल मांडीपर्यंत ओढतो आणि एकट्याने पाय निघत नाही.

रात्रीच्या मुक्कामाची सफर होडीने सलग चार-पाच दिवस तळात पाणी धरलं नाही तरच. तेव्हा मांडवा घारापुरीहून दहाएक सागरी मैलांवर आहे. तिथे रो-रो फेरीच्या बंधाऱ्याबाहेर वायव्येचा वारा थेट लागतो, त्यामुळे झोपायला रेवस-करंजाच्या बाजूला धरमतर खाडीच्या तोंडात शिरलेलं बरं. अंधार पडण्याआधी किनाऱ्यावरच्या दोन ठळक गोष्टी एका रेषेत पकडून ठेवा, आणि पाणी फिरतं त्या वेळी गजर लावून उठा. होडी तेव्हाच उलटी वळते आणि नांगर सुटायचा असेल तर तेव्हाच सुटतो.